मनाली–लेह सायकल सहलीबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

पुणे, १२ सप्टेंबर २०२४

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मनाली–लेह सायकल सहल, १० ते २१ ऑगस्ट २०२४. लेखी कबूल केलेला कार्यक्रम न पाळल्याबद्दल.

महोदय,

बारा दिवसांच्या सहलीचे पैसे मी भरले आणि आठव्या दिवशी, १७ ऑगस्टला, लेहच्या हॉटेलच्या दारात तुमच्या लीडरनं हात जोडून आमचा निरोप घेतला. "सगळे लवकर पोहोचले, मस्त झालं," असंही म्हणाला. फोनवर दोनदा आणि व्हॉट्सअॅपवर एकदा तक्रार करून झाली. उत्तर आलं ते असं, की उंचीवर वयाप्रमाणे थोडा त्रास होतोच. म्हणून आता हे सविस्तर पत्र.

आधीच सांगते, थंडीबद्दल माझी तक्रार नाही. रोज राजमा-चावल मिळाले, तंबूत उंदीर होता, संडासाला टॉर्च घेऊन जावं लागलं, यातलं काहीही मी इथे उगाळणार नाही. हिमालयात जाताना हे सगळं गृहीत धरलेलं होतं. मी जे विचारून घेतलं होतं आणि तुम्ही ज्याला लेखी होकार दिला होता, त्याबद्दलच हे पत्र आहे.

माझं वय छप्पन्न. बँकेतून निवृत्त झाले, दर रविवारी सायकलवर सिंहगडाचा घाट चढते. ही सहल निवडायला मी दोन महिने घेतले, कारण सगळ्यांची माहितीपत्रकं सारखीच दिसतात. तेच निळं आकाश, तोच खिंडीतला फलक, आणि काठिण्य 'मध्यम'. मध्यम म्हणजे काय, हे कोणीच सांगत नाही. म्हणून ३ जूनच्या ईमेलमध्ये मी तुम्हाला चार गोष्टी विचारल्या. रोज रात्री मुक्काम किती उंचीवर? लीडर सायकलवर असणार की गाडीत? सायकल माझ्या मापाची मिळेल का आणि ब्रेक कोणते? ऑक्सिजन आणि सुटे भाग सोबत असतील का? ५ जूनला तुमचं उत्तर आलं, ते सोबत जोडलं आहे. त्यात मुक्कामांचा तक्ता आहे, 'एक लीडर पुढे व एक सर्वांत मागे, दोघेही सायकलवर' असं आहे, 'स्मॉल फ्रेम, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक' आहे, 'ऑक्सिजन व सर्व सुटे भाग' आहेत. शेवटी एक ओळ होती : "मॅडम, सिंहगड चढता ना, मग काळजीच नको." ती वाचून मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. सिंहगड साधारण १,३०० मीटर, वाटेतली बारालाचा ला ('ला' म्हणजे खिंड) ४,८९० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम जास्त उरतो. सिंहगडाच्या तयारीनं मांड्या टिकतात, डोकं टिकेलच असं नाही.

आता तक्त्याकडे या. तुमच्या लेखी कार्यक्रमाप्रमाणे १० तारखेला मनाली, ११ ला तिथेच विश्रांती, १२ ला मढी, १३ ला रोहतांग ओलांडून सिस्सू, १४ ला जिस्पा, १५ ला जिस्पातच थांबा, १६ ला झिंगझिंगबार आणि मग १७ ला सरचू. शहाण्या माणसानं केलेला कार्यक्रम होता तो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे पर्वतीय वैद्यकातलं अगदी बाळबोध सूत्र आहे. जिस्पा ते झिंगझिंगबार ही एक मोठी उडी सोडली, आणि तीही थांब्यानंतरची होती, तर त्यात तुमचा तक्ता बऱ्यापैकी बसत होता. त्याच्याकडे बघूनच मी तुम्हाला निवडलं. दुसरी एक कंपनी सात हजारांनी स्वस्त होती.

प्रत्यक्षात १० तारखेला संध्याकाळी मनालीत लीडरनं सांगितलं, उद्या पहाटे निघायचंय. कारण काय, तर १३ ला मंगळवार येतो, मंगळवारी सपोर्ट गाडीला रोहतांगचं परमिट मिळत नाही. मंगळवार काही ऐनवेळी उपटला नव्हता. कार्यक्रम छापताना भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं असतं तरी तो दिसला असता. ११ ला सायकली टपावर बांधून आम्हाला अटल बोगद्यातून पलीकडे नेलं. नऊ किलोमीटरचा बोगदा गाडीनं किती वेळात संपतो ते तुम्हाला माहीत आहे. दोन दिवसांत अंगावर घ्यायची उंची आम्ही सीटवर बसून ओलांडली. सिस्सूहून सायकलीवर जिस्पा. आणि १२ ला थांबा नाही, झिंगझिंगबारचा मुक्काम नाही, तिथपर्यंत गाडी आणि पुढे बारालाचा चढून थेट सरचू. म्हणजे मनाली २,०५० मीटर, दुसऱ्या रात्री जिस्पा ३,२००, तिसऱ्या रात्री सरचू ४,२९०.

सरचू कसं आहे हे तुम्हाला सांगायला नको, पण ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांच्यासाठी सांगते. ती एक बशी आहे. एका अंगाला बारालाचा, दुसऱ्या अंगाला नकी ला आणि लाचुंग ला. तिथे माणूस आजारी पडला तर 'खाली न्या' म्हणणं सोपं आहे, पण खाली न्यायला आधी वर चढवावं लागतं. म्हणूनच तिथे पोहोचण्याआधी शरीर तयार करायचं असतं.

त्या रात्री आमच्यातला सत्तावीस वर्षांचा मुलगा आजारी पडला. मॅरेथॉन पळणारा, आम्हा नऊ जणांत सगळ्यांत तगडा. आठ वाजता डोकं धरून बसला, दहाला उलट्या, आणि बाराच्या सुमाराला मी त्याला बुटाची नाडी बांधायला सांगितली तर ती त्याच्या हातात नुसती फिरत राहिली. ऑक्सिमीटर माझा स्वतःचा होता, त्यावर ६१ आकडा आला. लीडरनं गाडीतून ऑक्सिजनचा सिलिंडर आणला. सिलिंडर भरलेला होता. तो उघडायची चावी नव्हती. पक्कड लावून झाली, दगडानं ठोकून झालं. टॉर्चच्या उजेडात चार माणसं एका नळकांड्याभोवती बसलेली मला अजून दिसतात. शेवटी दोन तंबू पलीकडच्या ढाबेवालीनं झोपेतून उठून तिच्याकडची चावी दिली. पैसे घेतले नाहीत. पहाटे चारला त्याला गाडीनं बारालाचा ओलांडून केलाँगच्या रुग्णालयात नेलं. तिथे तो दोन दिवसांत बरा झाला, यात तुमचं श्रेय काही नाही. आता तुम्हीच सांगा, 'वयाप्रमाणे' त्रास नेमका कोणाला झाला?

गाडी एकच होती. ती गेल्यावर आम्ही सरचूला थांबू असं मला वाटलं. थांबलो नाही. आमच्या बॅगा एका ट्रकवर चढल्या आणि आम्ही आठ जण गाडीशिवाय, जादा पाण्याशिवाय, पंपाशिवाय गाटा लूप्सला लागलो. एकवीस वळणं, वर ऊन, खाली धूळ. माझ्या दोन्ही बाटल्या चौदाव्या-पंधराव्या वळणाला संपल्या. वर एक छोटं देऊळ आहे. तहानेनं मेलेल्या कोणा क्लीनरच्या भुतासाठी लोक तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात. त्या ढिगाकडे मी किती वेळ बघत उभी होते ते लिहायची लाज वाटते. उचलली मात्र नाही. व्हिस्की नाल्याच्या तंबूत पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता.

लीडरबद्दल एवढंच की दोन नव्हते, एकच होता. गाडी नसलेला तो एक दिवस सोडला तर तो सायकलवर दिसला नाही. गाडीत त्याच्या मागच्या सीटवर त्याची सायकल मात्र शेवटपर्यंत ऐटीत उभी होती.

सायकलीची गोष्ट जरा नीट सांगते, कारण ती जिवावर बेतली असती. माझी उंची पाच फूट एक इंच. स्मॉल फ्रेम कबूल करून मीडियम दिली, ते मी सीट पुढे घेऊन निभावलं. पण मनालीतच पहिल्या संध्याकाळी मागचा ब्रेक दाबल्यावर लिव्हर थेट मुठीला टेकत होती. मी लीडरला दाखवलं. तो म्हणाला, "नवीन पॅड आहेत, बसतील." नवीन नव्हते. टागलांग ला ५,३२८ मीटर, त्याच्यापलीकडे रुमत्सेपर्यंत जो उतार आहे त्यासाठीच खरं तर मी आले होते. आयुष्यात एवढा लांब उतार मला पुन्हा मिळायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागून लोखंडावर कानस घासल्यासारखा आवाज सुरू झाला, मग पुढूनही. समोरून इंधनाचे टँकर येत होते. मी पाय टेकवत, डोंगराच्या बाजूच्या खडीत सायकल घालून थांबवली. गुडघा सोलवटला, एवढ्यावर भागलं. पॅडचं अस्तर संपून पत्रा डिस्कला घासत होता. गाडीत सुटे पॅड होते, पण दुसऱ्या कंपनीच्या ब्रेकचे, ते बसेनात. तो सगळा उतार मी ड्रायव्हरशेजारी बसून पाहिला.

तिथेच ड्रायव्हरकडून कळलं की एवढी घाई कशासाठी होती. त्याच सायकली घेऊन १९ तारखेला लेहहून तुमची दुसरी बॅच निघायची होती. बिचाऱ्यानं सहज सांगितलं, त्याच्यावर राग काढू नका. म्हणजे मंगळवार, परमिट, हवामान हे सगळं सांगण्यापुरतं. जिस्पाचा थांबा आमच्यासाठी ठेवलेला होता आणि सायकलींसाठी कापला गेला.

आणखी एक. याला तुम्ही 'माउंटन बायकिंग' म्हणता. मी पूर्ण सहा दिवस डांबरी महामार्गावर ट्रकांच्या रांगेत होते. त्याला हरकत नाही, मला रस्ता माहीत होता. पण माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर देवदारांतून जाणारी पायवाट आणि तिच्यावर उडी मारणारी सायकल आहे. फोटो कुठला म्हणून विचारलं तेव्हा "वाटेतलाच" असं उत्तर मिळालं. जिस्पाच्या पुढे देवदार तर सोडाच, बकरीला सावली देईल असं झुडूप नाही. त्याच पानावर खारदुंग ला १८,३८० फूट आणि जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता असं छापलंय. ती खिंड ५,३५९ मीटर आहे, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास, आणि उमलिंग लाचा रस्ता ५,७९८ मीटरवरून जातो. ज्यांना स्वतःच्या धंद्यातल्या खिंडीची उंची तपासावीशी वाटत नाही ते ब्रेक काय तपासणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझी मागणी. सहलीचे ५८,५०० रुपये आणि पाच टक्के जीएसटी मिळून मी ६१,४२५ रुपये भरले. बारा दिवसांच्या हिशेबानं न दिलेल्या चार दिवसांचे २०,४७५ रुपये. माझं परतीचं विमान २२ तारखेचं होतं, ते बदलता येत नव्हतं. १८ ते २१ या चार रात्री लेहमध्ये मी स्वखर्चानं राहिले, त्याचे २,४०० रुपयांप्रमाणे ९,६००. एकूण ३०,०७५ रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. गुडघ्याचे, ब्रेकचे, हुकलेल्या उताराचे मी काही लावलेले नाहीत. केलाँगला गेलेल्या मुलाचा रुग्णालयाचा आणि परतीचा खर्च वेगळा आहे, तो स्वतः तुम्हाला लिहिणार आहे. साक्षीला मी आहेच.

पैशांसोबत दोन गोष्टी लेखी हव्यात. पुढच्या हंगामात माहितीपत्रकात 'मध्यम' या शब्दाऐवजी प्रत्येक मुक्कामाची उंची आणि रोजचा चढ मीटरमध्ये छापणार की नाही. आणि सायकली पुढच्या बॅचला देण्याआधी मध्ये किती दिवस ठेवणार.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. राहत्या जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे मला मनालीला किंवा दिल्लीला खेपा घालायची गरज नाही. निवृत्त आहे, वेळही आहे.

कळावे,
बुकिंग केलेली ग्राहक
(सही)

सोबत : ३ आणि ५ जूनचे ईमेल, पैसे भरल्याची पावती, लेहच्या हॉटेलची बिलं, ऑक्सिमीटरच्या आकड्याचा आणि मनालीत काढलेला ब्रेकचा फोटो. पाकिटात कागदात गुंडाळलेला जो पत्र्याचा तुकडा आहे तो मागचा पॅड. रुमत्सेला ड्रायव्हरनं काढून टाकला होता, मी खिशात घातला. दुसरा माझ्याकडे आहे, तो आयोगासाठी ठेवला आहे.