ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह : मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

बीड जिल्ह्यातील आमच्या डोंगरपट्ट्यातल्या गावातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्येच परततात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि घरी सांभाळणारे कोणी नसले की मुलेही सामानाबरोबर ट्रॅक्टरवर चढतात. शिक्षण हमी पत्रकाच्या आधारे या मुलांना कारखान्याजवळच्या शाळेत प्रवेश मिळू शकतो; परंतु टोळीचा फड, म्हणजे तोडीचा ऊस, आज एका शिवारात तर काही दिवसांनी दुसऱ्याच शिवारात असतो, त्यामुळे ते पत्रक पुष्कळदा कोपीतल्या, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतल्या, पिशवीतच राहते.

म्हणून आमच्या जिल्हा परिषद शाळेत गावाच्या सहभागातून हंगामी वसतिगृह चालवले जाते. मुले रात्री आजी-आजोबांकडे किंवा चुलत्यांकडे झोपतात. सकाळ-संध्याकाळचे जेवण आणि अभ्यास शाळेत होतो, दुपारी शालेय पोषण आहार असतोच. ज्या आजीला चुलीपुढे बसवत नाही आणि धुरात दिसतही नाही, तिच्यावर तीन-चार नातवंडांच्या भाकरी थापण्याची वेळ येत नाही, आणि केवळ एवढ्यामुळे मुलांना गावी ठेवण्याचा निर्णय घेणे आईबापांना शक्य होते.

या व्यवस्थेचा लाभ एकट्या मुलाला होतो असे मानणे अपुरे ठरेल. फडावर गेलेली थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, पाणी भरते. पुढे तिला एकटीला गावी ठेवणे जोखमीचे वाटू लागले की तिचे लग्न लवकर उरकले जाते, कारण लग्न झाले म्हणजे एक नवा कोयताही तयार होतो. तीच मुलगी शाळेच्या नजरेखाली, मैत्रिणींबरोबर गावात राहिली, तर लग्नाचा विषय पुढे ढकलण्यास आईला आधार मिळतो. पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधणाऱ्या त्या आईला आपले लेकरू ट्रॅक्टरखाली, विंचू-सापाच्या जागी किंवा उघड्या चुलीजवळ नाही, एवढे ठाऊक असणे किती मोलाचे आहे, हे फडावर हंगाम काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सातवीतली एक मुलगी संध्याकाळी फोनवर वडिलांना किती टन भरले ते विचारते, वहीच्या मागच्या पानावर त्याला टनाच्या दराने गुणते आणि उचलीतून किती फिटले, किती राहिले ते त्यांना सांगते. हंगाम संपल्यावर मुकादमापुढे हिशेबाला बसताना त्या बापाजवळ स्वतःच्या घरचा आकडा असतो.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. आमच्या समितीतील अनेक पालक स्वतःच ऊसतोडीला जातात, तेव्हा त्या महिन्यांत समितीचे काम गावातील वडीलधारी मंडळी आणि शिक्षक मिळून पाहतात. लोकांच्या बळावर वसतिगृह चालवणे आपल्याकडे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि वसतिगृहातील मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या थोर कार्याशी आमची तुलना होऊ शकत नाही, परंतु गावाने मुलांच्या ताटाची जबाबदारी घ्यावी, हा धडा आम्ही तिथूनच घेतला आहे.

हंगामी वसतिगृहासाठी शासनाची योजना आहे आणि तिचा आधार मोठा आहे. मात्र टोळी निघाली की त्याच संध्याकाळपासून मुलांना जेवण लागते. मंजुरी मिळून अनुदान हाती पडेपर्यंतचे आठवडे गावालाच निभावून न्यावे लागतात. पावसाने दगा दिलेल्या वर्षी गावातून निघणारी वर्गणी आटते, आणि नेमक्या त्याच वर्षी स्थलांतर वाढते. या मधल्या काळासाठी आम्ही आपल्याकडे हात पसरत आहोत.

ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल आणि शेंगदाणे यांची सर्वाधिक गरज आहे. त्याखालोखाल स्वयंपाक करणाऱ्या दोन महिलांचे मानधन, थंडीसाठी स्वेटर आणि संध्याकाळच्या अभ्यासिकेसाठी सौर दिवे लागतील, कारण वीज जाते ती बहुधा याच वेळी. धान्य देणाऱ्यांनी ते चाळून, कोरडे करून द्यावे. जुने कपडे कृपया पाठवू नयेत. ते निवडण्यात व साठवण्यातच मनुष्यबळ खर्ची पडते. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या गावकऱ्यांनी एका मुलाचा हंगामभराचा खर्च उचलल्यास नियोजन पुष्कळ सोपे होईल. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर संध्याकाळी तासभर मुलांचे गणित किंवा इंग्रजी घ्यावे.

रोख रक्कम कोणाही व्यक्तीच्या हाती न देता समितीच्या बँक खात्यात भरावी आणि मुख्याध्यापकांकडून पावती घ्यावी. जमा-खर्चाचा हिशेब दर महिन्याला शाळेच्या फलकावर लावला जाईल आणि ग्रामसभेत वाचला जाईल. टोळ्या घटस्थापनेनंतर निघू लागतात, म्हणून मदत त्याआधी पोहोचावी, ही नम्र विनंती.

आपले,
शाळा व्यवस्थापन समिती व समस्त ग्रामस्थ