वाड्यांतील जुन्या वस्तूंची ओळख वेळीच नोंदवून घ्यावी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीज या लिलाव संस्थेच्या लिलावात निघाली, राज्य शासनाने मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली, याचा आनंद या शहराला झाला आणि तो रास्तच होता. त्या आनंदात एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पाते युरोपीय बनावटीचे, मुठीवर सोन्याची कोफ्तगरी (म्हणजे धातूत तार ठोकून बसवलेली नक्षी), अशा फिरंगी तलवारी अठराव्या शतकात पुष्कळ होत्या. त्यांतली नेमकी हीच तलवार रघुजींची, हे सांगता आले, कारण पात्यावर देवनागरीत त्यांचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब कोरलेला होता. तो लेख नसता तर एक मराठा तलवार म्हणून ती कोणा हौशी संग्राहकाच्या घरी गेली असती आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

नागपूरच्या वाड्यांतून रोज बाहेर पडणाऱ्या वस्तूंवर असा लेख नसतो. ही वस्तू कोणाची, कुठून आली, कोणत्या प्रसंगी घेतली, हे फक्त घरातली वडीलधारी माणसे सांगू शकतात. महाल, जुनी शुक्रवारी, इतवारी या भागांतले वाडे पडून तेथे सदनिका उभ्या राहत आहेत आणि तेराव्याचा विधी आटोपतो न आटोपतो तोच भंगारवाला दारात उभा राहतो. वाडे पाडूच नयेत, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. वाटण्या होतात, गळकी छपरे शाकारायला पैसा लागतो, मुले पुण्याला नाहीतर परदेशात असतात. मात्र वाडा रिकामा करण्यापूर्वी त्यातील वस्तूंची ओळख लिहून घेणारी व्यवस्था या शहरात असू नये, हे खटकते.

लिलाव या शहराला नवा नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर येथून काय काय गेले याचा हिशेब लागणे कठीण. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले आणि त्यानंतर राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल येथे लिलावात विकले गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला नेण्यात आले. भोसले घराण्यातील ज्येष्ठ राणी बांकाबाई यांचा विरोध कोणी जुमानला नाही. ती विक्री बळजबरीची होती. आजची विक्री आपण आपखुशीने करतो, आणि बहुतेक वेळा किलोच्या भावाने.

गालिच्याचे उदाहरण घ्या. आमच्या गल्लीतील एका वाड्यातला बैठकीचा गालिचा गेल्या वर्षी ऑटोरिक्षात कोंबला जाताना मी पाहिला. खरेदीदाराने त्याची लांबी पावलांनी मोजली, एका कोपऱ्याला लागलेली कसर बोट घालून दाखवली आणि तेवढ्यावर भाव पाडला. गालिचा उलटा करून पाहण्याची तसदी घरच्यांपैकी कोणीही घेतली नाही. वास्तविक गालिच्याची परीक्षा पाठीवरच होते. हाताने विणलेल्यात नक्षी मागेही तितकीच स्पष्ट उमटते आणि गाठी किंचित वेड्यावाकड्या दिसतात. यंत्रावरच्यात त्या एकसारख्या असतात, आणि झालर मागाहून शिवलेली असते. आपल्याकडे येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेले गालिचे एके काळी नावाजलेले होते. ‘हा येरवड्याचा’ असे घरातली आजी सांगत असेल, तर ते वाक्य तारखेसह लिहून ठेवणे ही गालिच्याच्या किमतीतली भर आहे. लिलावात पुकारल्या जाणाऱ्या वस्तूसोबत तिची मागची मालकी छापलेली असते आणि बोली पुष्कळदा त्या चार ओळींवर चढते. दलालाने वस्तू उचलली की त्या चार ओळी कायमच्या पुसल्या जातात. मग मालकीची मालिका तो आपल्या सोयीने रचतो.

चिनी मातीच्या भांड्यांची कथा याहून वेगळी नाही. लोणच्याच्या बरण्या हल्ली उपाहारगृहांच्या सजावटीसाठी उचलल्या जातात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुंबईच्या जे. जे. कला शाळेत १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने झिलईदार भांडी घडू लागली, त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी असे, आणि त्यांना आज परदेशी लिलावांत मागणी आहे. तसली फुलदाणी एखाद्या वाड्याच्या फडताळात नसेलच, असे कोण सांगणार? तळाशी पाहावे, शिक्का असल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे आणि टवका उडालेला असला तरी तो चिकटवण्याच्या फंदात पडू नये.

खरा घोळ बंदुकांचा आहे. विदर्भातल्या मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, बंदूक असणे ही सामान्य बाब होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, पण तोड्याच्या (जळत्या वातीने बार उडवायच्या) आणि ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुका माळ्यावर राहिल्या. क्वचित एखाद्या दुनळीचा परवाना आजोबांच्या नावाचा, आजोबा कधीच गेलेले. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ प्रमाणे जुन्या बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल, तर त्याला कायद्याच्या तरतुदींतून सूट आहे. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नळी शाबूत आणि चाप चालता असेल, तर केवळ जुनी आहे म्हणून बंदूक या सवलतीत बसत नाही. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू केली. यातले काय आपल्याला लागू पडते, हे घरच्यांना कळत नाही. मग भीतीपोटी कोणी बंदूक विहिरीत टाकतो, कोणी नळी कापून भंगारात देतो, तर कोणी गंज काढायला घासणीने घासतो, आणि त्यात नक्षीसाठी जडवलेली चांदीची तार नि कारागिराची खूण दोन्ही निघून जातात. टिपू सुलतानासाठी १७९३-९४ मध्ये घडवलेली शिकारीची चकमकीची बंदूक देशाबाहेर जाऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये तिच्या निर्यातीला तात्पुरती मनाई केली. तिची किंमत २० लाख पौंड धरली होती. आपल्या देशातून गेलेल्या वस्तूला त्यांनी आपला वारसा म्हणावे, हा विनोद क्षणभर बाजूला ठेवू. जपणूक कशी करतात, ते मात्र त्यांच्याकडून पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. परंतु सक्तीची नोंदणी मुख्यतः मूर्ती, चित्रे आणि सचित्र पोथ्यांपुरती आहे. गालिचा, फुलदाणी, तोड्याची बंदूक यांची नोंद करण्यास कोणी बांधील नाही, त्यामुळे वस्तू सीमेपार गेल्यावर ती नागपूरचीच होती हे दाखवायला हाती कागद उरत नाही.

म्हणून शासनाला एक साधी विनंती आहे. १८६३ पासून चालत आलेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, महिन्यातून एक दिवस ओळख-नोंदणीचा ठेवावा. नागरिकांनी वस्तू किंवा तिची छायाचित्रे आणावीत, जाणकाराने ती पाहावी, घरच्यांनी सांगितलेली माहिती त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी आणि एक प्रत त्यांना द्यावी. वस्तू ताब्यात घेण्याचा किंवा किंमत सांगण्याचा विषय त्या दिवशी काढूच नये, नाहीतर कोणी फिरकणार नाही. बंदुकांपुरते, त्या घराबाहेर न आणता, केवळ छायाचित्रांवरून प्राथमिक मार्गदर्शन मिळावे. शहरात शस्त्र परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असल्याने त्या कार्यालयाचा एक प्रतिनिधी तेथे बसावा आणि वारसाची बंदूक नोंदवणे, जमा करणे किंवा कायमची निकामी करून घेणे यांची रीत सांगणारे एक पानी मराठी पत्रक वाटावे. लंडनच्या त्या एका खरेदीच्या तुलनेत याचा वर्षाचा खर्च नगण्य ठरेल. दिवाळीनंतर वाडे रिकामे करण्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी पहिला दिवस जाहीर झाला तर बरे.

आपला,
एक वाचक
महाल, नागपूर