पॅरिसहून आईला

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी ठणठणीत आहे. वजन उतरलेलं नाही, फोटो उजेडाविरुद्ध काढलाय म्हणून तशी दिसते. रात्री एकटी हिंडत नाही. बाबांना एवढं नक्की वाचून दाखव.

आज जुन्या बाजारात गेले होते. इथे आधी 'बाँझूर' म्हणजे नमस्कार म्हणायचा, भाव नंतर विचारायचा. दुकानात, बसच्या ड्रायव्हरला, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या अनोळखी लोकांनासुद्धा. नाही म्हटला तर उत्तर देतात, पण तुटक. सुरुवातीचे दोन महिने मला वाटायचं, सगळे माझ्यावरच रागावलेत. तसं नव्हतं गं. संध्याकाळी शब्द बदलतो, 'बाँस्वार'.

तर बाँझूर म्हटल्यावर एका आजींनी पेटीतून 'आर्पेज' नावाचं जुनं अत्तर काढलं. काळी गोल बाटली, त्यावर सोनेरी रेघांत आई आणि मुलगी. मुलीकडचा सोनेरी रंग बोटांनी झिजलाय. ती आई म्हणजे झान लांव्हँ, अकरा भावंडांतली थोरली. टोप्या करता करता तिनं पॅरिसमध्ये कपड्यांची मोठी पेढी उभी केली आणि १९२७ साली लेकीच्या तिसाव्या वाढदिवसासाठी आंद्रे फ्रेसकडून हे अत्तर करवून घेतलं. लेक गाण्यातली, म्हणून नावही संगीतातलं: सूर एकदम न वाजवता एकामागून एक सोडणं. वासही तसाच उलगडतो. वरचा साबणासारखा टवटवीतपणा इतक्या वर्षांत उडालाय, पण गुलाब-जाई येते आणि अर्ध्या तासानं चंदन आणि वाळा. वाळा, आई! तू माठात टाकतेस तोच. दुकानातलं नवंही लावून पाहिलं. चांगलं आहे, पण मनगट पुन्हा पुन्हा नाकाशी नेलं ते या जुन्यासाठी.

महाग नव्हती, खरंच. हप्त्याचे पैसे सोमवारी पाठवते. या महिन्यात पाच हजार कमी आहेत, घराचं डिपॉझिट भरलं म्हणून. पुढच्या महिन्यात भरून काढते. नाशिकच्या स्थळाला बाबांनी अजून शब्द देऊ नये. मी नाही म्हणत नाहीये, मे महिन्यात आले की भेटेन.

म्हणजे तुझ्या साठीला मी नसेन. रजा मिळाली नाही. मावशी आहे, ताई आहे, सगळं छान होईल. बाटली तुझ्यासाठीच घेतलीय, पण पोस्टानं पाठवता येत नाही, मीच आणेन. तोवर पाकिटात फाया ठेवलाय. तुझ्या हातात पडेपर्यंत गुलाब गेलेला असेल, वाळा असेल.

तुझी,
छोटी