मशीन मिळाली साहेब, पण पट्ट्या कुठून आणू?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मागच्या मे महिन्यातली दुपार. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस, सुरू होता, लाइन सकाळपासून गेलेली, कूलर बंद. जेवण जरा लांबलं होतं. माय टिनाच्या खोलीत खाटेवर बसली होती आणि बोलता बोलता तिचे शब्द अडखळायला लागले. अंग घामाने चिंब, हात थरथरत होते. मायला अकरा वर्षांपासून शुगर आहे, चार वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. मी फळीवरची शुगर तपासायची मशीन काढली, पट्टी लावली. पडद्यावर थेंबाची खूण यायला हवी होती, तिथे थर्मामीटरचं चित्र आलं. खोलीतल्या गरमीत मशीन चालायला तयार नव्हती.

आकड्याची वाट न पाहता मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा. माय सावरली. नंतर मशीन मातीच्या भिंतींच्या आतल्या खोलीत नेली, थंड होऊ दिली, तेव्हा 92 आलं. साखर पाजण्याआधी किती होतं ते मला कधीच कळणार नाही. मायचं मात्र एकच म्हणणं, "मले काई झालं नाई रे, मशीनच बिघडली असन."

मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातला शेतकरी. थोडी संत्र्याची झाडं, बाकी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही. मायच्या निमित्ताने शुगरची मशीन हाताळता यायला लागली आणि ती गोष्ट गावभर झाली. आता सकाळी अंगणात कोणी ना कोणी येऊन बसतं, "माही शुगर पाहून दे ना बाप्पा" म्हणतं. सगळ्यांचे आकडे मी एका वहीत लिहितो. तीन वर्षांत त्या वहीत एकवीस नावं झाली. हे पत्र त्या वहीतून निघालं आहे.

माझ्या हातून सुरुवातीला एक मोठी चूक होत होती, ती आधी सांगतो. बोटाला टोचायचं पेन एकच, फक्त सुई बदलायची की झालं, असं मी समजत होतो. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने एकदा पाहिलं आणि तिथल्या तिथे थांबवलं. पेनाच्या टोकालाही रक्त लागतं, त्यातून बी प्रकारची कावीळ एकाची दुसऱ्याला लागू शकते. त्या दिवसापासून ज्याचं पेन त्याचं, ज्याची सुई त्याची. पण मला हे कळलं ते योगायोगाने. जिल्ह्यात माझ्यासारखी किती अंगणं असतील आणि तिथे काय चालू असेल, हा विचार आला की झोप लागत नाही.

आज आमच्या गावात शुगरच्या सात मशिनी आहेत आणि त्या चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. एक पुण्याच्या भाच्याने पाठवली, दोन मोबाइलवरून मागवल्या, बाकीच्या शिबिरात वाटलेल्या. साहेब, शहरातल्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल, पण सगळं घोडं इथेच अडतं. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालत नाही. शिबिरात मशीनसोबत दहा पट्ट्या मिळाल्या, त्या महिन्याभरात संपल्या. तालुक्याच्या मेडिकलमध्ये त्या कंपनीच्या पट्ट्या येतच नाहीत. एका काकूंच्या घरी ती मशीन खोक्यासकट देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली आहे. काकूंच्या पायाची जखम दोन महिने भरली नाही, तेव्हाही ती तिथेच होती.

म्हणून मला कोणी विचारलं की कोणती मशीन घेऊ, तर मी सांगतो, आधी तालुक्याला जा, दोन मेडिकलवाल्यांना विचारा की कोणत्या पट्ट्या तुमच्याकडे बारा महिने मिळतात. त्या पट्ट्यांची मशीन घ्या. मशीन एकदाच घ्यायची असते, पट्टी जन्मभर घ्यावी लागते. मशीन स्वस्त देऊन पट्टीवर कमवायचं, हा या धंद्याचा सगळीकडचाच हिशेब आहे. मला पन्नास पट्ट्यांची डबी साडेआठशे-नऊशेला पडते. आमच्याकडे निंदणाची मजुरी दिवसाला तीनशेच्या आतबाहेर. म्हणजे एका डबीसाठी बाईने तीन दिवस निंदायचं. 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने ग्लुकोमीटरच्या, म्हणजे याच मशीनच्या, विक्रीतल्या नफ्यावर मर्यादा घातली, 22 सप्टेंबर 2025 पासून मशीन आणि पट्ट्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. दोन्ही निर्णयांचं मी मनापासून स्वागत करतो. पण निंदणाऱ्या बाईला ती डबी अजूनही झेपत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सरसकट सगळ्यांना मशीन वाटा असं माझं म्हणणं नाही. जो माणूस फक्त मेटफॉर्मिनच्या गोळीवर आहे, ज्याची शुगर आटोक्यात आहे, त्याला रोज बोट टोचायची गरज नसते. त्याने तीन महिन्यांनी दवाखान्यात तपासलं तरी बहुतेक वेळा पुरतं. खरी गरज इन्सुलिनवाल्यांना आहे. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या खाणाऱ्यांना, कारण या गोळ्यांनी शुगर एकदम खालीही जाते. सकाळी गोळी घेतली, डबा धुऱ्यावर ठेवला, ओळ संपवून जेवू म्हटलं आणि बाई पऱ्हाटीतच कोसळली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 70 च्या खाली गेली की धोका सुरू होतो, 54 च्या खाली तर माणूस भानही हरपू शकतो. इन्सुलिनवरच्या लहान मुलांना दिवसातून चार-चार वेळा तपासावं लागतं. पट्ट्या आधी यांना हव्यात.

आता उन्हाचं. ते मुंबईत बसून कळणं अवघड आहे, म्हणून विस्ताराने लिहितो. पट्टीवर रसायन असतं. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होते, त्यातून बारीकशी वीज निर्माण होते आणि मशीन ती मोजते. हे रसायन उन्हाने आणि ओलाव्याने खराब होतं. माझ्याकडच्या डबीवर छापलं आहे, 30 अंशांच्या आत ठेवा. साहेब, मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या घरात असतो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीला तर त्याच्याही वर जातो. टिनाच्या घरात फळीवर ठेवलेल्या डबीचं काय होत असेल? इन्सुलिनची बाटली आम्ही मातीच्या मडक्यात, वाळू ओली करून ठेवतो, ते जमतं. पण पट्ट्यांना ओल चालत नाही. मी डबीचं झाकण घट्ट लावून ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालतो आणि डबा मातीच्या खोलीत जमिनीलगत ठेवतो. एवढं करूनही उन्हाळ्यात एकाच बोटाचे, पाच मिनिटांच्या अंतराने, 168 आणि 241 असे आकडे मला आलेले आहेत. यातल्या कोणत्या आकड्यावर इन्सुलिनचं युनिट ठरवायचं?

तसा मशीनच्या आकड्यात थोडा फरक असतोच. जगभर मानल्या जाणाऱ्या आयएसओ 15197 या 2013 च्या मानकाप्रमाणे शंभरातले 95 आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्के आतबाहेर असले तर मशीन चांगली समजतात. शुगर 100 च्या खाली असेल तर 15 अंकांची सूट. म्हणजे खरी शुगर 200 असेल आणि मशीनने 180 दाखवली तर मशीनला दोष देऊ नये. लोक मात्र देतात, "लॅबचं वेगळं अन् याचं वेगळं" म्हणतात. लॅबचंही नेहमी बरोबर नसतं. शिबिरात काढलेलं रक्त तालुक्याला पोहोचेपर्यंत नळीतल्या पेशीच साखर खात राहतात, ताशी 5 ते 7 टक्के, उन्हात त्याहून जास्त. पेशींचं साखर खाणं रोखणाऱ्या फ्लोराइडची नळी वापरून, थंड ठेवून, लवकर न्यायला हवं. हे मला सिस्टरनेच समजावलं. अशी माणसं तुमच्या खात्यात आहेत हे आमचं नशीब आहे.

आमच्या भागातली अजून एक गोष्ट. संत्र्याच्या तोड्याच्या दिवसांत एक शेजारी धापा टाकत आला, मशीनवर 312. त्याला मी बादलीपाशी नेलं, साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करवले, दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. 146. सकाळपासून तो संत्री सोलून गिऱ्हाइकाला चव दाखवत होता, तो रस बोटाला होता. त्या 312 वर कोणी इन्सुलिन वाढवलं असतं तर? मशीनच्या खोक्यातलं माहितीपत्रक मी उघडून पाहिलं. इंग्रजी आणि हिंदी, अक्षरं मुंगीएवढी. मराठी नाही.

आणि रक्त कमी असलेल्या बायांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय निघाला. रक्तातल्या लाल पेशी फार कमी असतील तर बऱ्याच मशिनी शुगर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. म्हणजे शुगर खाली गेली असली तरी पडद्यावर बरी दिसते. प्रत्येक पट्टीच्या माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के याची, मर्यादा दिलेली असते, कोणाची 30 ते 55, कोणाची 20 पासून. आमच्या मजूर बायांसाठी ही मर्यादा जितकी खालून सुरू होईल तितकं बरं. गडचिरोली-गोंदियापासून मेळघाटापर्यंत सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णाची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही भरवशाची राहत नाही, कारण अशा रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात. अशा माणसाला बोटाची पट्टी हाच मोठा आधार उरतो, आणि तीच चुकली तर त्याने कोणाकडे पाहायचं?

तुमच्या खात्याने 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या दवाखान्यांतल्या तपासण्या आणि उपचार निःशुल्क केले. ज्या घरात एकट्या कमावत्या माणसाला शुगर आहे, त्या घराला याची किंमत विचारा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी करायला आशाताई फॉर्म घेऊन दारोदार फिरतात. त्यातून रोगी सापडतो, गोळी मिळते, इन्सुलिनही मिळतं. पुढे घरी शुगर पाहायची तर स्वतःचं स्वतः पाहा. इन्सुलिन फुकट देऊन पट्टी विकत घ्यायला लावणं म्हणजे फवारणीचा पंप द्यायचा आणि किती औषध टाकायचं ते मोजायचं माप द्यायचं नाही.

माझं मागणं एवढंच आहे की ज्याच्या केस पेपरवर इन्सुलिन लिहिलं आहे, त्याला इन्सुलिनसोबतच महिन्याच्या पट्ट्या उपकेंद्रातून मिळाव्यात. ग्लिमेपिराइडवाल्यांना कमी दिल्या तरी चालतील, पण द्याव्यात. एका जिल्ह्यात मशीन एकाच प्रकारची असावी, म्हणजे मायच्या पट्ट्या संपल्या तर शेजारच्या काकूंकडून दोन मागता येतील आणि आशाताईलाही एकच मशीन शिकावी लागेल. खरेदीच्या अटींमध्ये विदर्भाचा उन्हाळा लिहा. किती अंशांपर्यंत मशीन चालते, पट्टी किती अंशांपर्यंत टिकते, कमी रक्तात किती खरं सांगते, हे किमतीच्या आधी पाहा. पट्ट्यांच्या डबीवरचा कोड टाकावा लागणारी मशीन नको, म्हाताऱ्या माणसाच्या हातून चुकीचा कोड राहतो. आकडे मोठे हवेत. पुढची निदान पाच वर्षं पट्ट्या पुरवायची हमी कंपनीकडून लिहून घ्या, नाहीतर पुन्हा मशिनी देव्हाऱ्याशेजारी जातील. पट्ट्यांचं गोदामही पाहा. जिल्ह्याहून निघालेलं खोकं उन्हात उभ्या टेम्पोत दोन दिवस राहिलं तर पुढे आम्ही कितीही जपून काय उपयोग?

वापरलेल्या सुया टाकायला जागा नाही. सध्या त्या मी जाड प्लॅस्टिकच्या बरणीत भरतो आणि बरणी भरली की आरोग्य केंद्रात नेऊन देतो. सगळे तसं करत नाहीत. उकिरड्यावर अनवाणी पोरं खेळतात.

आशाताईंना हे जमणार नाही असं कोणी तुम्हाला सांगितलं तर मानू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या बाया जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देत होत्या, बाळमृत्यू कमी झाले, आणि ते काम 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या मानाने पट्टीवर रक्ताचा थेंब घेणं फार सोपं आहे. फक्त त्यांच्या या कामाचा वेगळा मोबदला द्या, आधीच त्यांच्या खांद्यावर खूप आहे.

नव्या मशिनींचे नमुने तुमच्या खात्याकडे तपासायला येतील तेव्हा त्यातली एक नवतप्यात आमच्या गावी पाठवा. आमच्या टिनाच्या खोलीत, दुपारी दोन वाजता, लाइन गेलेली असताना ती लावून पाहू. माझी वही आणि एक थर्मामीटर मी तयार ठेवतो. माय बोट द्यायला तयार आहे.

आपला,
मोर्शी तालुक्यातला एक शेतकरी