चिमणीतल्या शिशाचा हिशेब वर्षाच्या किलोत मांडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३० सप्टेंबर जवळ आला की कारखान्यांत ‘फॉर्म पाच’ भरण्याची धांदल उडते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या नियम १४ नुसार ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र त्या तारखेपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावे लागते. तीस वर्षांहून अधिक काळ ही पद्धत चालू आहे. तरीही औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्या माणसाने ‘गेल्या वर्षी आमच्या हवेत किती किलो शिसे सोडले?’ असे विचारले, तर या विवरणपत्रांतून त्याला उत्तर काढता येत नाही.

मुळात अडचण फॉर्मच्या ‘क’ भागातच आहे. तिथे प्रदूषकांची माहिती मागितली आहे, पण ‘संमतिपत्रात (कारखाना चालवायला मंडळाने दिलेल्या परवानगीत) नमूद केलेल्या’ घटकांपुरती. संमतिपत्रात चिमणीसाठी फक्त धूलिकण आणि सल्फर डायऑक्साइड लिहिले असेल, तर शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांचा त्या कागदावर उल्लेखही होत नाही, आणि तसा तो न होणे नियमात बसते. उल्लेख झालाच तर दोन आकडे लागतात. एक, दर घनमीटर धुरातले मिलिग्रॅम आणि दुसरा, दिवसाचे वजन. पहिला आकडा प्रयोगशाळेच्या अहवालातून उतरवतात. दुसरा बहुतेक वेळा त्याच एका नमुन्याला २४ तासांनी गुणून येतो, नाहीतर रकाना रिकामा राहतो. वर्षाची बेरीज कोणी मागतच नाही.

धातूंच्या बाबतीत मात्र वर्षाची बेरीजच महत्त्वाची. शिसे जळून संपत नाही, सडत नाही, त्याचे विघटन होत नाही. जितके चिमणीतून गेले तितके कुठेतरी छपरावर, अंगणात, शेतात उतरते आणि तिथेच राहते. पुढच्या वर्षीचे त्यावर पडते. रांगणारे मूल मातीत हात घालून तो तोंडात नेते, तेव्हा त्या मातीत दहा वर्षांचे एकत्र साचलेले असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, भंगार बॅटऱ्यांपासून शिसे काढणाऱ्या एका भट्टीच्या चिमणीतून ताशी १२,००० घनमीटर (प्रमाणित तापमान-दाबाला) वायू जातो. नमुन्यात शिसे निघाले दर घनमीटरला ६ मिलिग्रॅम. मर्यादा १० मिलिग्रॅमची, म्हणजे अहवालावर ‘मर्यादेत’ असा शेरा पडला. आता गुणाकार करा. तासाला ७२ ग्रॅम. भट्टी वर्षाला ६,००० तास चालते, म्हणजे ४३२ किलो. युरोपीय संघाच्या २००६ च्या प्रदूषक नोंदवही नियमात हवेत वर्षाला २०० किलोंहून जास्त शिसे सोडणाऱ्या कारखान्याला, तो नोंदवहीच्या कक्षेतल्या उद्योगांपैकी असेल तर, नावानिशी ते जाहीर करावे लागते. पाऱ्यासाठी ही पातळी १० किलो, कॅडमियमसाठी १० आणि आर्सेनिकसाठी २० किलो आहे.

या गुणाकारात सर्वांत जास्त चूक कुठे होते, तर तासांत. बॅग फिल्टर (धूर कापडी पिशव्यांतून गाळणारे यंत्र) ९९ टक्के कण अडवत असेल, तर तो बंद ठेवून धूर थेट चिमणीत सोडल्याचा एक तास हा नेहमीच्या शंभर तासांबरोबर असतो. वरच्या भट्टीत वर्षभरात असे दहाच तास झाले, तरी सुमारे ७१ किलोंची भर पडते. वीज गेली, पंखा बंद पडला, पिशव्या बदलताना बायपासचा, म्हणजे फिल्टर टाळून जाणाऱ्या वाटेचा, डँपर (झडप) उघडा राहिला, असे प्रसंग घडतातच. ते तास लॉगबुकात नसतील, तर वार्षिक आकडा कितीही काळजीने काढला तरी खोटा ठरतो.

म्हणून बॅग फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दर तासाला लिहिणे हे या सगळ्या नोंदींतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलके काम आहे. नेहमी १२० मिलिमीटर पाण्याइतका असणारा फरक अचानक ६० वर उतरला, तर पिशवी फाटली, बायपास उघडा राहिला किंवा पंख्याची ओढ कमी झाली. चढत चढत २०० कडे गेला, तर पिशव्या तुंबल्या, आणि मग भट्टीच्या तोंडावरचे हूड (धूर ओढणारे छत्र) धूर ओढेनासे होते व तो शेडमधून बाहेर पडतो, चिमणीतून नाही. दाबाबरोबर पंख्याच्या मोटरचे अँपिअर आणि फिल्टरकडे येणाऱ्या वायूचे तापमान लिहावे, कारण पॉलिस्टरच्या पिशव्या १३० अंशांच्या वर फार काळ टिकत नाहीत. महिनाभर प्रत्येक तासाला ‘१२०’ लिहिलेले असेल, तर ते पान एकाच बैठकीत भरले आहे असे तपासणाऱ्याने समजावे. पिशव्यांवर धूळ बसते-झडते तसा हा आकडा हलतच राहतो.

नमुना कधी घेतला, हेही अहवालात हवे. शिशाच्या भट्टीत धूर उसळतो तो माल भरताना आणि धातू ओतताना. मधल्या शांत तासात घेतलेला नमुना खरा असला तरी तो त्या तासापुरताच. नमुना घेतला तेव्हा भट्टीत किती माल होता आणि कोणता टप्पा चालू होता, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिले पाहिजे. चिमणीतल्या वायूचा वेग आणि नमुना-नळीच्या तोंडाशी ओढला जाणारा वेग यांचे गुणोत्तर ९० ते ११० टक्क्यांत होते का, तेही. पंप जास्त जोराने ओढला तर जड कण वळणावर निसटतात आणि आकडा कमी येतो. शिशाच्या अगदी बारीक धुरात हा फरक थोडा असतो, जाड धुळीत मोठा.

पाऱ्याची गोष्ट निराळी. चिमणीच्या तापमानाला तो बराचसा वाफेच्या रूपात असतो आणि फिल्टरच्या कागदातून सरळ निघून जातो. फिल्टरच्या पुढे इम्पिंजरच्या (वायू द्रवातून नेणाऱ्या) बाटल्या आणि त्यांत आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेट नसेल, तर पारा सापडणारच नाही. मग अहवालात ‘बीडीएल’ लिहिले जाते, म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेखाली, आणि विवरणपत्रात त्याचे शून्य होते. बीडीएल म्हणजे शून्य नव्हे. ५०० मेगावॉटच्या, कोळशावर चालणाऱ्या वीजनिर्मिती संचातून ताशी सुमारे २० लाख घनमीटर वायू जातो असे धरा. उपकरणाची मोजण्याची मर्यादा ०.००५ मिलिग्रॅम असेल, तर सात हजार तासांत त्या तीन अक्षरांआड ७० किलोंपर्यंत पारा लपू शकतो. त्यामुळे बीडीएलशेजारी ती मर्यादा किती होती, हा आकडा सक्तीचा हवा.

औष्णिक केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने पाऱ्याची मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम ठरवली. त्याच संचात तासाला ३४० टन कोळसा जळतो आणि टनामागे ०.१५ ग्रॅम पारा आहे असे मानले, तर सगळाच्या सगळा पारा चिमणीतून गेला तरी आकडा ०.०२६ च्या आसपास येतो, म्हणजे मर्यादेतच. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या लोकांना ‘मर्यादेत आहे’ हे उत्तर त्यामुळे पुरेसे नाही. कोळशातल्या पाऱ्याची दरमहा तपासणी, जळालेला कोळसा आणि राखेत सापडलेला पारा या तीन नोंदींवरून वर्षाचे किलो काढता येतात. चोवीस तास चालणारी ऑनलाइन यंत्रे इथे कामाची नाहीत. ती धूलिकण, सल्फर आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतात, धातू नाही.

शिशाच्या कारखान्यात असा, आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या धातूचा, ताळेबंद जपून वापरावा लागतो. वर्षाला ३,००० टन शिसे हाताळणाऱ्या जागी वजनकाट्यात आणि चाचणीत मिळून एक टक्का फरक पडला, तरी तो ३० टन होतो. त्यात ४३२ किलो शोधता येणार नाहीत. हवेतला आकडा म्हणून ताळेबंदाची वजाबाकी दिली असेल, तर ती स्वीकारू नये. पण फिल्टरची धूळ आणि स्लॅग (भट्टीतला मळ) पकडायला हाच ताळेबंद उत्तम. घातक कचरा नियम, २०१६ नुसार ‘फॉर्म तीन’मध्ये रोजची नोंद आणि ३० जूनपर्यंत ‘फॉर्म चार’मध्ये वार्षिक विवरण द्यावे लागते. बाहेर गेलेल्या धुळीचे सात प्रतींचे मॅनिफेस्ट (वाहतूक-पत्र) असते. धूळ स्वतःच्याच भट्टीत परत टाकली तर मॅनिफेस्ट नसते, फक्त वजनाची चिठ्ठी राहते, आणि नेमकी तीच गहाळ होते. जूनच्या आणि सप्टेंबरच्या विवरणात त्याच धुळीचे दोन वेगळे आकडे दिसले, तर मंडळाने कारखान्याला पहिला प्रश्न तिथे विचारावा. आज हे दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याची सक्ती कोणावर नाही.

२०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम आणले. आता नोंदणीकृत बाहेरचे लेखापरीक्षक येतील. त्यांना तपासायला काहीतरी असले पाहिजे, म्हणून या निमित्ताने आमची मागणी अशी: शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक, निकेल किंवा क्रोमियम हाताळणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या संमतिपत्रात तो धातू चिमणीच्या घटकांत नावाने लिहावा. फॉर्म पाचमध्ये वर्षाच्या किलोंचा रकाना घालावा आणि त्यापुढे आकडा मोजलेला, हिशेबाने काढलेला की अंदाजे, हे कळवणे बंधनकारक करावे. युरोपात हीच खूण एम, सी किंवा ई या अक्षराने लावतात. गुणाकाराचा कागद, नमुन्यांचे मूळ अहवाल, दाबाची लॉगबुके आणि बायपासच्या तासांची वही पाच वर्षे जपावी.

आणि हे सगळे एका तक्त्यात, कारखान्याच्या व गावाच्या नावासह, मंडळाच्या संकेतस्थळावर ठेवावे. भोपाळनंतर दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेने असा कायदा केला. तिथे ठरावीक उद्योगांतल्या कारखान्याने वर्षाला १०० पौंडांहून जास्त शिसे हाताळले तरी १ जुलैपर्यंत विवरण द्यावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. आपल्या देशात असा कायदा अजून नाही. महाराष्ट्राला मात्र त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. ५ जून २०१७ पासून याच मंडळाने चिमणीच्या धूलिकणांवरून कारखान्यांना नावानिशी एक ते पाच तारे दिले आणि ते जाहीर केले. त्याच यादीत धातूंच्या किलोंचा एक स्तंभ वाढवता येईल, आणि सुरुवात बॅटरी-शिसे भट्ट्या व कोळशाच्या वीजकेंद्रांपासून येत्या ३० सप्टेंबरच्या विवरणातच करता येईल.

आपले,
चिमणी-नमुना मोजणी आणि धातू-चाचणीचे काम करणारे काही अभियंते व रसायनतज्ज्ञ