दोनदा वाचलेलं खरं वाटतं

ती. आई-बाबा,
सा. न.

एकच बातमी दिवसभर चार चॅनेलवर पाहिली की ती घटना चार ठिकाणी घडल्यासारखी मनात बसते. हे वयामुळे नाही, भोळेपणामुळे तर नाहीच. जे चटकन आठवतं तेच वारंवार घडतं, असा आपला सगळ्यांचाच हिशेब असतो. विमान कोसळलं की आठवडाभर तेच दाखवतात. रस्त्यावरचे रोजचे मृत्यू आतल्या पानावर दोन ओळींत संपतात. मग विमानात बसताना देवाचं नाव घेतो आणि गाडीत पट्टा लावायचा राहून जातो.

१९७७ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा विधानं ऐकवली होती, काही खरी, काही खोटी. जी परत परत आली ती जास्त खरी वाटू लागली, खोटी असूनही. २०१५ च्या एका अभ्यासातलं उदाहरण तर ऐकाच: 'स्कॉटलंडचे लोक नेसतात त्या आखूड, चुण्यांच्या घागऱ्याला साडी म्हणतात.' त्याचं खरं नाव किल्ट आहे हे ठाऊक असलं, तरी असली विधानं दुसऱ्यांदा वाचली की थोडी जास्त पटतात. म्हणून 'मला माहीत आहे, मी फसणार नाही' यावर विसंबू नका.

व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसले, तर तो मूळ माणसापासून किमान पाच हातांतून फिरून आलाय. म्हणूनच तो एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. 'पाच ग्रुपवर आला म्हणजे खरा असणार' हे इथेच फसतं, कारण पाचही ठिकाणी तोच एक मेसेज असतो, पाच साक्षीदार नव्हेत. सोबत फोटो असेल तर तो सेव्ह करा, गूगलच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या चिन्हावर टॅप करून तोच फोटो निवडा. बऱ्याचदा फोटो खरा निघतो, पण भलत्याच वर्षातला किंवा भलत्याच देशातला. तेव्हा खालच्या बातम्यांची तारीख बघा.

बाबा, ग्रुपवर खोटेपणा दाखवताना तुम्ही मूळ मेसेजच पुन्हा टाकता, तेवढं नका करू. घाईत वाचणारा चूक तेवढी वाचतो आणि तीच त्याच्या डोक्यात राहते. आधी खरी गोष्ट एका ओळीत लिहा, मग चूक कुठे आहे ते, आणि शेवटी पुन्हा खरी गोष्ट.

आकड्यांच्या मथळ्यांचंही तसंच. '६०० पैकी २०० वाचतील' आणि '६०० पैकी ४०० मरतील' यात काडीचा फरक नाही. तरी १९८१ च्या प्रसिद्ध प्रयोगात साथीच्या रोगावर एक खात्रीचा आणि एक जुगारासारखा उपाय समोर ठेवला होता; खात्रीचा उपाय पहिल्या शब्दांत मांडल्यावर ७२ टक्के लोकांनी तो निवडला, दुसऱ्या शब्दांत मांडल्यावर फक्त २२ टक्क्यांनी. आई, घाबरवणारा आकडा दिसला की तो उलटा करून बघ, 'मग उरलेल्यांचं काय?'

यूट्यूबवर ऑटोप्ले, म्हणजे एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं, बंद करा. व्हिडिओ चालू असताना वरच्या बाजूला त्याचं बटण असतं. नको त्या व्हिडिओशेजारच्या तीन टिंबांवर टॅप करून ते चॅनेल सुचवू नये असा पर्याय निवडा. रागाने पाहिलेला व्हिडिओसुद्धा पाहिलेलाच धरला जातो आणि तसलेच आणखी येत राहतात. बटण सापडलं नाही तर व्हिडिओ कॉल करा, स्क्रीन बघत बघत सांगतो.

तुमचा,
बाळ