पडछाया नसलेला घोडा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आपल्या पत्रस्तंभात गेले दोन आठवडे एका ऐतिहासिक चित्रपटातील संगणकनिर्मित दृश्यांवरून, म्हणजे ‘व्हीएफएक्स’वरून, वाद चालला आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की ही दृश्ये आता खऱ्यापासून वेगळी ओळखूच येत नाहीत. दुसऱ्या बाजूचे असे, की संगणकाने सिनेमाचा व्हिडिओ गेम करून टाकला. ज्या परीक्षणावरून हे सुरू झाले, त्यात मात्र या विषयाच्या वाट्याला ‘व्हीएफएक्स उत्तम’ एवढे दोनच शब्द आले होते. मी बत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. सिनेमाच्या तंत्राचे शिक्षण मला नाही, पण कागदावरची एखादी गोष्ट डोळ्याला खरी का वाटते, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न होता, म्हणून हे पत्र.

तो चित्रपट मी नातवाबरोबर पाहिला. मध्यंतराच्या थोडे आधी शे-दोनशे घोडेस्वार उतारावरून दौडत येतात, असे दृश्य आहे. पार्श्वसंगीत टिपेला पोचलेले, पुढच्या रांगांतून शिट्ट्या चाललेल्या, आणि अकरा वर्षांचा नातू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आजोबा, घोड्यांचे पाय जमिनीला लागतच नाहीयेत.” मी नीट पाहिले. आयाळ, घामाने चमकणारी पाठ, लगामाची कडी, सारे बारकाईने केलेले होते. परंतु खुरांखाली पडछाया जवळजवळ नव्हती, टापेसरशी माती दबत नव्हती, आणि धूळ खुरांपाशी उठण्याऐवजी सगळ्या चित्रावर पिठासारखी एकसारखी भुरभुरलेली होती. त्यानंतर राहिलेला चित्रपटभर आम्ही दोघेही पायांकडेच पाहत होतो.

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र असते. टेबलावर तांब्या, शेजारी एखादे फळ, मागे सोडलेले कापड. मुले तांब्याचा काठ आणि त्यावरची चकाकी मन लावून घोटतात, आणि वेळ संपत आल्यामुळे पडछाया राहून जाते. मग तो तांब्या कितीही सुबक असला तरी टेबलावर बसत नाही, अधांतरी राहतो. उलट एखाद्याचा तांब्या पोचा आल्यासारखा वेडावाकडा असतो, पण जिथे बूड टेबलाला टेकते तिथे त्याने गडद छायेची बारीक रेघ दिलेली असते, आणि तेवढ्यावर तो तांब्या ठाम बसतो. पडद्यावरही हेच चालते, असे माझे मत आहे. प्रेक्षक तपशील मोजत बसत नाही. वस्तू टेकली आहे का, तिला वजन आहे का, आणि तिच्यावर पडलेला उजेड शेजारच्या वस्तूवरच्या उजेडाच्याच बाजूने आला आहे का, एवढे तो पाहतो, आणि हे पाहायला त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

‘ज्युरासिक पार्क’ १९९३ सालचा. त्यानंतर यंत्रे कुठल्या कुठे गेली, तरी त्यातला टी-रेक्सचा हल्ला आजही अंगावर येतो, याचे कारण संगणकाच्या ताकदीत शोधून सापडणार नाही. संपूर्ण चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर असतात जेमतेम पंधरा मिनिटे, आणि त्यातही संगणकाचा भाग निम्म्याहून कमी. बाकीचे काम स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बांधलेल्या यांत्रिक प्राण्यांनी केले. हल्ला रात्रीचा, भर पावसातला. ओल्या कातडीवर चमकणारा उजेड, चिखलात पचकन पडणारे पाऊल, आणि प्राणी दिसण्याच्याही आधी पेल्यातल्या पाण्यावर उठलेली वलये. वजन आधी पोचले, प्राणी मागून आला.

अर्थात, जिवंत डायनोसॉर कोणीच पाहिलेला नसल्याची सवलत त्या चित्रपटाला होती. आपल्याकडच्या गडकिल्ल्यांच्या चित्रपटांना ती नाही, आणि मला वाटते त्यांची खरी अडचण इथेच आहे. राजगडाची सुवेळा माची ज्याने धापा टाकत पार केली आहे, सिंहगडाच्या वाटेवर ज्याचा पाय निसरड्या दगडावरून सटकला आहे, असा माणूस चित्रपटगृहात प्रत्येक रांगेत बसलेला असतो. काळ्या दगडाची तटबंदी पावसाळ्यात शेवाळाने हिरवट आणि उन्हाळ्यात करडी दिसते, बुरुजाच्या सांध्यांतून गवत उगवते, दुपारच्या उन्हात कड्याची सावली दरीत कशी उतरते, हे त्याच्या पायांना आणि डोळ्यांना पाठ असते. त्याच्यासमोर एकच दगड शिक्का मारल्यासारखा शंभर वेळा उमटवलेली तटबंदी ठेवली, की ती त्याला खटकते. का खटकते हे कदाचित सांगता येणार नाही. नातवाबरोबर पाहिलेल्या त्या चित्रपटात सूर्य दरीच्या डाव्या अंगाला मावळत होता आणि मावळ्याच्या उजव्या गालावर ऊन होते. रात्रीच्या प्रसंगात हातातली मशाल फडफडत होती, पण तिचा उजेड धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर जराही हलत नव्हता. कड्यावरून कोसळणारा शत्रूचा शिपाई तर सावरीच्या कापसासारखा खाली आला. स्टुडिओत हिरव्या पडद्यापुढे सपाट प्रकाशात माणसे चित्रित करायची आणि आकाश, ऊन, डोंगर नंतर बसवायचे, म्हणजे आधी तांब्या काढून मग टेबल कुठे ठेवायचे ते ठरवण्यासारखे आहे. कुशल माणूस तेही जमवतो, पण त्यासाठी चित्रीकरणाच्या दिवशीच सूर्य कुठे असणार हे कोणीतरी ठरवलेले असावे लागते.

संगणक नकोच, सारे खरेच चित्रित करा, असे लिहिणाऱ्या पत्रलेखकांशीही मी सहमत नाही. ‘फॉरेस्ट गम्प’मध्ये (१९९४) पाय गमावलेल्या लेफ्टनंट डॅनचे पाय संगणकाने पुसले आहेत; गॅरी सिनीज हा अभिनेता धडधाकट होता. ‘टायटॅनिक’मध्ये (१९९७) गोठवणाऱ्या समुद्रात तरंगणाऱ्या माणसांच्या तोंडून निघणारी वाफ नंतर टाकलेली आहे. या गोष्टी पाहताना ‘व्हीएफएक्स उत्तम’ असे कोणी म्हणत नाही, कारण त्या कोणाच्या लक्षातच येत नाहीत. आपण ज्यावरून संगणकाला नावे ठेवतो ती त्याची फसलेली कामे असतात. साधलेली कामे खऱ्याच्या खात्यावर जमा होतात.

एका वाचकाने तक्रार केली आहे की, घोड्यांच्या दृश्यात पडद्याच्या कोपऱ्यात ‘सीजीआय’ (म्हणजे प्राणी खरे नाहीत, संगणकाने केलेले आहेत) अशी अक्षरे येत असल्यामुळे रसभंग होतो. प्राणी वापरायचे तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि दौडता घोडा दोरीने पाडण्याचे जुने क्रूर प्रकार बंद झाले याचा मला आनंदच आहे. त्यापुढे कोपऱ्यातली चार अक्षरे काहीच नाहीत. शिवाय खोटेपणा आधी सांगितल्याने विश्वास उडतो, हे मला पटत नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) आरंभी आपली मुलगी मंदाकिनी हिचा चेहरा साध्या रूपात, वेगवेगळे हावभाव करताना दाखवला, आणि मग तिचाच बाळकृष्ण केला. आपण पाहतो आहोत ती फाळक्यांची मुलगी, हे कळूनही लोकांनी कृष्णच पाहिला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा उतरला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. पेंटर मूळचे चित्रकार होते, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

माणसाचा चेहरा हे प्रकरण मात्र वेगळे आणि अधिक अवघड. जपानचे यंत्रमानव-अभ्यासक मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच नोंदवले होते की, कृत्रिम आकृती माणसासारखी होत गेली की ती आवडत जाते, पण अगदी जवळ पोचून थोडी कमी पडली की एकदम नकोशी होते. संगणकाने तरुण केलेले नट पाहताना त्याची प्रचीती येते: त्वचा विशीतली असते आणि मान वळते ती साठीतल्या माणसाची.

राहिला पैशाचा मुद्दा, म्हणजे पैसा कमी पडतो म्हणून दृश्ये फसतात हे म्हणणे. ‘आदिपुरुष’ची झलक ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, ती कार्टूनसारखी दिसते म्हणून लोकांनी झोडपली, प्रदर्शन जानेवारीवरून जून २०२३ वर गेले, दृश्यांवर पुन्हा काम झाले, आणि तरीही तक्रार राहिलीच. खर्च कमी पडला असे तिथे कोणी म्हणणार नाही. उलट ‘लाइफ ऑफ पाय’मधला (२०१२) वाघ बहुतांश संगणकाचा, मोजक्या दृश्यांत खरे वाघ आहेत, आणि कोणता कुठला हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. खरा वाघ डोळ्यांपुढे ठेवून काम केले, की हयगय खपत नाही. तो संगणकाचा वाघ घडवणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ या कंपनीची मुंबई आणि हैदराबादमध्येही कामाची केंद्रे होती; तिला त्या कामाचे ऑस्कर मिळाले त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, तिने दिवाळखोरी जाहीर केली. रात्र-रात्र बसून सावल्या जुळवणाऱ्या या मुलांची नावे श्रेयनामावलीत सरकतात, तेव्हा चित्रपटगृहातले दिवे लागलेले असतात आणि आपण चपला शोधत असतो.

म्हणून आपल्या परीक्षकांना विनंती अशी की, ‘व्हीएफएक्स उत्तम’ किंवा ‘व्हीएफएक्स सुमार’ हे शिक्के आता पुरे करावेत. अभिनयाविषयी लिहिताना ते कोणत्या प्रसंगात कोणाचा सूर चुकला हे सांगतात, संगीताविषयी लिहिताना चाल सांगतात. तसेच इथेही कुठे खरे वाटले, कुठे हात आखडला, कुठे उजेड चुकला, हे सांगावे. पुढच्या परीक्षणात जागा फारच थोडी असेल, तर निदान घोड्यांचे पाय जमिनीला लागत होते की नाही, एवढे तरी कळवावे. नातू विचारतो आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा